मांडीवरची जागा

१० नोव्हेंबर, सोमवार

पतसंस्थेने जानेवारीत दिलेली डायरी आज उघडली. निमित्त डॉक्टरांचं. साखर वाढली आहे, तर रोज काय खाल्लं ते लिहून ठेवा म्हणाले. लिहितो. सकाळी दोन घावणे आणि चहा. बायकोची, सुगंधाची, पाठ फिरल्यावर आणखी एक घावणा. झालं. आता एवढं मोठं पान कोरं सोडवत नाही, म्हणून इतरही लिहितो.

डायरी कुणाला सापडली तर कळावं म्हणून, मी दत्ताराम. धामापूरच्या अलीकडच्या वाडीत राहतो. पूर्वी दिवसभर रिक्षा भाड्याला फिरवायचो, आता गुडघे बोलायला लागल्यापासून फक्त शाळेची पोरं. सकाळी कट्टा गावच्या शाळेत सोडायची, दुपारी आणायची. बालवाडीपासून चौथीपर्यंतची सात पोरं आहेत आणि सगळी मला आबा म्हणतात. मागच्या सीटसमोर मी फळी ठोकून घेतली आहे, म्हणजे चार इकडे, तीन तिकडे. शिवाय वाटेत कुणी हात केला तर त्यालाही घ्यायचं. आमच्याकडे रिक्षात जागा नाही असं कधी होत नाही. लहान पोर मोठ्याच्या मांडीवर, पिशवी पायात, कोंबडी असली तर काखेत.

परतीला बाबल असतो. बाबल माझा लहानपणचा सोबती, सरकारी ऑफिसात शिपाई होता. रिटायर झाल्यापासून सकाळी कट्ट्याच्या वाचनालयात पेपर वाचायला जातो आणि दुपारी माझ्या रिक्षाने परत येतो. मी ओरसच्या हॉस्पिटलात होतो तेव्हा सख्खा भाऊ आला नाही, हा उशाशी बसून होता. खिशात कायम लिमलेटच्या गोळ्या. पोरांचा लळा असावा तर असा.

तन्वीची जागा त्याच्या मांडीवर ठरलेली. ही आमची सगळ्यात धाकटी, पाच वर्षांची. बाप विकी गोव्यात बोटीवर, आई दीपिका काजूच्या कारखान्यात, सांभाळायला आजी यमुनाबाई. तोंड म्हणजे गिरण. दिवाळीच्या सुट्टीत म्हशीला रेडकू झालं, त्याचे पाय, त्याचे कान, त्याचं शेण, सगळं मला ऐकावं लागलं. उतरताना म्हणते, "आबा, उरलेला उद्या सांगतंय."


१४ नोव्हेंबर, शुक्रवार

शाळेत कणकवलीच्या नव्या बाई आल्या आहेत, अक्षया बाई. वय माझ्या सुनेपेक्षा कमी. आज बालदिनाचं गाणंबिणं राहिलं बाजूला, त्यांनी पोरांना वेगळंच शिकवलं. माझं अंग माझं. कुणी हात लावलेला आवडला नाही तर मोठ्याने नको म्हणायचं, तिथून निघायचं आणि भरवशाच्या मोठ्या माणसाला सांगायचं. मग तो माणूस कितीही मोठा असो, ओळखीचा असो.

परतीला रिक्षात नुसता नकोचा बाजार. संध्याकाळी रिक्षातल्या ओमकारची आई भेटली. म्हणाली, "आंघोळीक बोलवलंय तर हात पुढे करून उभो. नको! माझा आंग माझा! मी म्हटलंय, आंग तुझा रे बाबा, पण त्याच्यावरचो मळ माझ्या जिवाक." हसून हसून पुरेवाट.

मला मात्र एका गोष्टीचं हसू आलं नाही. तिसरीतली संचिता, जिचा गाल मी रोज सकाळी ओढतो, ती मागे सरून म्हणाली, "आबा, नको. दुखता." मला, दत्तारामाला! घरी येऊन सुगंधाला सांगितलं. वाटलं ती त्या बाईंना चार शब्द सुनावेल. तर म्हणते, "बरां केल्यान. तुमी इतकी वर्सां लोकांच्या पोरांचे गाल वढतास. कोण बोलला नाय म्हणान तेंका आवाडता असा नाय."

आता ह्या घरात माझी बाजू कोण घेणार?

जेवण: पेज, भाजी. लिमलेटची एक गोळी, बाबलकडून.


१९ नोव्हेंबर, बुधवार

तन्वीला नवीन खूळ. परतीला म्हणते, "आबा, मी तुमच्या बाजूक बसतंय." ड्रायव्हरच्या शेजारी पोर बसवलं तर पोलीस पकडतील म्हटलं. मग म्हणते पोटात दुखतं. हिच्या दप्तरात कच्च्या चिंचा मी स्वतः पाहिल्या आहेत, दुखणारच. घरून ओव्याची पुडी आणून ठेवली आहे.

दप्तरही हल्ली पाठीवर घेत नाही, पुढे पोटाशी घट्ट धरून बसते. काढ म्हटलं तर काढत नाही. बाबल म्हणाला, "आतमदी खजिनो आसा तिचो."

रेडकाचं काय झालं विचारलं, तर म्हणाली, "बरां आसा." एवढंच. पोरांची खेळणी बदलतात तशा गजालीही बदलत असतील.


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज गंमत झाली. कट्ट्याच्या स्टँडवर बाबल चढला, तन्वीला घ्यायला हात पुढे केले, तर हिने पंजा ताणून त्याच्या तोंडासमोर धरला आणि बाईंनी शिकवलं तस्सं खणखणीत म्हटलं, "नको!" सगळी पोरं खिदळायला लागली. बाबल पण हसला. मागून एसटीवाला हॉर्न देतोय, रिक्षा अर्धी रस्त्यात. मी उतरलो, तन्वीला काखेत धरून उचललं आणि नेहमीच्या जागी, त्याच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, "आजोबा आसत गो ते. मोठ्यांका असा म्हणतत?"

बाबल मनाने मोठा. म्हणाला, "रवांदे रे दत्ता, ल्हान आसा."

मग वाडीपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. शहाण्या मुलीसारखी बसली. तिचं घर टोकाला, म्हणून शेवटी तीच उरते. बाबल एक वळण आधी उतरतो. आज उतरल्यावर टाटा न करताच पळाली. राग आलेला दिसतो नाकाच्या शेंड्यावर. सोमवारी विसरेल.

अक्षया बाईंना एकदा भेटून सांगायला हवं, की बाई, शहरातलं शहरात ठेवा. इथे सगळे एकमेकांचे मामा, काका, आजोबा. इथे पोरं गावाच्या मांडीवरच वाढतात.


२६ नोव्हेंबर, बुधवार

सोमवारपासून तन्वी येत नाही. आज दुपारी गुळाचं खाजं घेऊन तिच्या घरी गेलो. रिक्षाचा आवाज ऐकला आणि पोर अंगणातून उठून आत पळाली, ती खाटेखाली. खाज्याचं नाव काढलं तरी बाहेर नाही.

यमुनाबाई म्हणाली, "दृष्ट लागली तिका. काल मीठ-मिरच्ये ववाळून टाकलंय, ठसकोसुद्धा इलो नाय बग." दीपिका कामावरून नुकतीच आली होती. ती म्हणाली, "आबा, रिक्षा म्हटली की रडाक लागता. शाळेत जातंय म्हणता, पण चलत जातंय म्हणता. इतक्या लांब चलत कशी जातली ती?"

म्हणजे शाळेची भीती नाही, रिक्षाची. मी विचार केला. माझ्या सायलेन्सरचा आवाज गेले काही दिवस फार फाटला आहे. लहान पोराच्या छातीत धडकी भरणारच. तडक कट्ट्याला गेलो, सायलेन्सर बदलून घेतला, आणि मागच्या सीटची स्प्रिंग वर आली होती तीही दाबून घेतली. आता रिक्षा मांजरासारखी चालते. उद्या तिला दाखवीन.


२७ नोव्हेंबर, गुरुवार

दाखवली. आली नाही.


२९ नोव्हेंबर, शनिवार

शाळेत पालकांची सभा, आणि रिक्षावाल्यांनाही निरोप. म्हटलं बरं झालं, आज बाईंना ऐकवतो.

अक्षया बाई काही फार बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "मुलांना नको म्हणायला शिकवलं म्हणून मुलं सुरक्षित झाली असं समजू नका. पाच वर्षांच्या मुलाने कितीही मोठ्याने नको म्हटलं तरी मोठ्या माणसाच्या ताकदीपुढे त्याचा काय पाड? ते नको आपल्यासाठी असतं. आपण ऐकून उठायचं असतं. सुरक्षित राहणं हे मुलांचं काम नाही, आपलं आहे."

मी उभा राहिलो. म्हटलं, "बाई, आमच्या गावात सगळी घरचीच माणसं. पोरं सगळ्यांवर संशय घ्यायला लागली तर माया राहील का?" दोन-चार जण होय होय म्हणाले.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "माया असलेला माणूस नको म्हटल्यावर हात मागे घेतो, आबा. त्याला वाईट वाटेल, पण तो हात मागे घेतो." मग सगळ्या रिक्षावाल्यांकडे बघून विचारलं, "तुमच्या रिक्षात मुलांशिवाय आणखी कोण बसतं?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी पण.

घरी येऊन सुगंधाला सगळं रंगवून सांगितलं. ती कुळीथ निवडत होती. मान वर न करता विचारलं, "तन्वी रिक्षेक भियाता, काय रिक्षेतल्या कोणाक?"

"म्हणजे?"

"काय नाय. इचारतंय."

मी चिडलो. बोलू नये ते बोललो. बाबलचं नाव तिने घेतलंच नव्हतं, मीच घेतलं. आपल्या आजारपणात तो कसा उभा राहिला, सगळं तिला पुन्हा ऐकवलं, जणू तिला ठाऊक नाही. ती ऐकत राहिली आणि कुळीथ निवडत राहिली.


१ डिसेंबर, सोमवार

सकाळपासून हे कसं लिहावं ते कळत नाही. सरळ लिहितो.

शाळेत जाताना संचिता माझ्या मागेच फळीवर बसली होती. मी सहज विचारलं, "गो, तन्वी कित्याक येणा नाय?"

ती म्हणाली, "बाबल आजोबांमुळे."

"काय करतत ते?"

"तिका गच्च धरून ठेवतत. ती नको म्हणता, सुटूक बगता, तरी सोडनत नाय. नको थंय हात लावतत. म्हणान ती दप्तर पुढे धरता." मग म्हणाली, "तुमका आरशात दिसता मां, आबा?"

मी रिक्षा बाजूला घेतली. म्हटलं, "तिने माका कित्याक सांगूक नाय?"

"आजोबा तिका म्हणाले, सांगलंस तर दत्ताआबा तुका रिक्षेतसून उतरवतलो. तरी तिना त्या दिवशी नको म्हटल्यान. मगे तुमीच तिका उचलून बसवलात."

पोरीने हे काही मला दोष द्यायला म्हणून सांगितलं नाही. गणिताचं उत्तर सांगावं तसं सांगितलं. पोरांना शाळेत सोडलं. धामापूरच्या तळ्याच्या बांधावर रिक्षा उभी करून बसलो. आरसा मी रोज पुसतो. त्यात मागून येणारी गाडी बघतो, पोरं भांडतात का बघतो, आणि बाबलचा हसरा चेहरा रोज बघत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी तर सायलेन्सर बदलून आलो.

बाईंनी शिकवलेलं सगळं तन्वीने बरोबर केलं. नको म्हणाली. निघायला बघितलं. पोटात दुखतं म्हणाली, बाजूला बसवा म्हणाली. भरवशाचा मोठा माणूस म्हणून माझ्याकडेच आली होती की ती.

दुपारी बाबल स्टँडवर उभा होता. माझा पाय ब्रेकवर गेला, सवयीने. मग काढला. तो हात वर करून तसाच राहिला. ओमकार ओरडला, "आबा, आजोबा रवले!" मी म्हटलं, "रवांदेत."

आज काय खाल्लं ते लिहीत नाही.


२ डिसेंबर, मंगळवार

काल संध्याकाळीच जायला हवं होतं, धीर झाला नाही. रात्री सुगंधाला सगळं सांगितलं तेव्हा वाटलं होतं की म्हणेल, मी म्हणत नव्हते? तसलं काही बोलली नाही. रडली. आज पहाटे उठून पातळ बदललं आणि म्हणाली, "चला, मी येतंय तुमच्या वांगडा."

दीपिका कामाला निघाली होती. मी जे ऐकलं ते सांगितलं. माझ्या हाताने मी काय केलं तेही सांगितलं. ती पायरीवर बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

यमुनाबाई म्हणाली, "दत्ताराम, ह्या हंयच थांबव. आपलेच दात, आपलेच ओठ. बोभाटो झालो तर चेडवाचा नाव जायत."

दीपिका उठली. "आये, नाव गेलाच तर त्याचा जायत. माझ्या पोरीन काय केल्यान?" मग आत गेली, खाटेवर तन्वी झोपली होती तिच्या शेजारी आडवी झाली आणि तिच्या कानात म्हणाली, "बाय, तू नको म्हटलंस तां माका कळला. माझो तुझ्यावर इस्वास आसा." तन्वी उठून तिच्या गळ्यात पडली. मी दारातूनच मागे फिरलो. तिथे उभं राहायचा मला काय अधिकार?

अक्षया बाईंना दीपिकाने फोन केला. पुढचं बाई बघतायत. कायद्याने हे दडवता येत नाही म्हणाल्या, आणि दडवायचंही नाही.


५ डिसेंबर, शुक्रवार

मालवणहून महिला अधिकारी आल्या, साध्या कपड्यांत, गाडी लांब उभी करून. तन्वीशी तिच्या घरीच बोलल्या, आई शेजारी. विकी पण गोव्याहून आला आहे. तो म्हणाला, "आबा, मी बोटीवर असताना तुमच्या भरवशार..." आणि आत निघून गेला.

मग माझा जबाब. मी जमेल तसं शुद्ध बोललो.

"मुलीला त्यांच्या मांडीवर कोण बसवायचं?"

"मीच बसवत होतो."

"ती नको म्हणाली होती का?"

"म्हणाली होती. मोठ्याने म्हणाली होती."

"मग?"

"मग मी तिला उचललं आणि बसवलं."

त्या लिहीत राहिल्या. मला वाटलं काहीतरी बोलतील, ओरडतील. त्यांनी फक्त कागद पुढे केला आणि सही कुठे करायची ते दाखवलं.

संध्याकाळी बाबलला घेऊन गेले.


९ डिसेंबर, मंगळवार

आजपासून नियम. माझ्या रिक्षात शाळेच्या वेळी पोरांशिवाय कुणी नाही. मांडीवर कुणी नाही. फळी काढून टाकली. जेवढी पोरं सीटवर मावतात तेवढीच न्यायची आणि दोन फेऱ्या मारायच्या. गुडघे कुरकुरतील, कुरकुरू देत. डिझेल जास्त जाईल, जाऊ दे.

पहिला तडाखा हौसाबाईचा. ह्या बाईला मी कित्येक वर्षं बाजाराच्या दिवशी फुकट आणतो. आज हातात दोन पिशव्या, डोक्यावर टोपली, रस्त्याच्या मधोमध उभी. म्हटलं, "हौसाबाय, पोरांका सोडून येतंय आणि तुका न्हेतंय."

"जागा आसा मगे!"

"आसा, पण आता नाय."

"माझो संशय घेतंस मेल्या? तुझ्या आवशीन तुका माझ्या मांडयेर टाकून धुणी धुतल्यान!"

"तुझो नाय गो. नियम सगळ्यांका सारकोच. एकाक घेतलंय तर दुसऱ्याक कसो नाय म्हणू?"

तिने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तो ओमकारने पाठ करून रिक्षाभर म्हटला. पोरांना सोडून परत गेलो तर म्हातारी तिथेच, पिशवीवर बसलेली. चढली. उतरताना म्हणाली, "माझ्या नातीकय तसोच न्हे." आणि दोन शहाळी सीटवर ठेवून गेली.

सगळेच हौसाबाई नाहीत. भजनाला गेलो तर दोघे उठून गेले. एकजण म्हणाला, "इतक्या वर्सांची दोस्ती, घरात बोलवून चार शब्द सांगूचे होते." मी म्हटलं, "चार शब्द तिना सांगलेले. एकच सांगलेलो. आमी ऐकलाव काय?" मग टाळ घेऊन बसलो, पण सूर लागेना.


१३ डिसेंबर, शनिवार

मला बाबलची आठवण येते. हे लिहायला लाज वाटते, पण येते. दुपारी कट्ट्याच्या स्टँडवरून जाताना अजून डोळे त्याला शोधतात. हॉस्पिटलातला तो बाबल खरा होता. मला उचलून बसवणारा, तोंड पुसणारा. आणि हाही खरा. दोन्ही एकाच अंगात कसे राहिले ते मला कळत नाही. सुगंधाला म्हटलं. ती म्हणाली, "तुमका कळूक व्हया असा नाय. चेडू सुखरूप रवला म्हणजे झाला."

डॉक्टरांनी डायरी बघायला मागितली. दाखवली नाही. साखर मात्र उतरली आहे.


१६ डिसेंबर, मंगळवार

रोज सकाळी तन्वीच्या घरासमोर रिक्षा थांबवतो. हॉर्न वाजवत नाही, खाली उतरत नाही. थोडा वेळ थांबतो आणि जातो. दीपिकाने सांगितलं होतं, "आबा, येवा तुमी, पण तिका बोलवू नकात. तिका वाटात तेव्हा येयत." सध्या विकी तिला सायकलवरून सोडतो. आज ती अंगणात उभी राहून बघत होती. काल दाराआड होती.

संचिताने विचारलं, "आबा, आपण कोणाची वाट बगतंव?" म्हटलं, "तन्वीची." "ती येणा नाय मां?" म्हटलं, "म्हणानच."


१९ डिसेंबर, शुक्रवार

विकी गोव्याला परत गेला. जाताना रिक्षाजवळ आला. सीटवर हात फिरवला, आतून सगळी बघितली, आरसा हलवून बघितला. मग म्हणाला, "सोमवारी थांबा." एवढंच.


२२ डिसेंबर, सोमवार

सुगंधाने आज रिक्षा धुतली. मी धुतलेली तिला पटली नव्हती.

तन्वीच्या घरासमोर थांबलो. ती आईचा हात धरून बाहेर आली. दप्तर पाठीवर आहे की पुढे ते मी आधी बघितलं. पुढे होतं. रिक्षाची पायरी तिला उंच पडते, म्हणून मी सवयीने खाली उतरलो आणि हात पुढे केले.

"नको."

हात मागे घेतले. एवढे झटकन घेतले की कोपर रिक्षाला आपटलं. ती बघत होती, मी खरंच घेतले की नाही. मग तिने दांडा धरला, एक पाय वर टाकला, घसरली, पुन्हा टाकला. मागून दुधाची गाडी आली, तिने हॉर्न दिला. मी त्या ड्रायव्हरला हाताने थांब म्हटलं. दीपिकाही पुढे झाली नाही. तन्वी एकदाची चढली आणि माझ्या पाठीमागची जागा निवडून बसली. संचिता न सांगता सरकली आणि मध्ये तळहाताएवढी जागा सोडली.

निघालो. वाटेत मी विचारलं, "गाणा लावू?"

"नको."

नाही लावलं. थोड्या वेळाने विचारलं, "पडदो सोडू? वारो लागता?"

"नको."

सोडला नाही. ओमकार म्हणाला, "आबा, ही सगळ्याकच नको म्हणता." म्हटलं, "म्हणांदे. तिचा चलता."

शाळा आली तेव्हा सगळी पोरं धावली. ती उतरली नाही. पुढे वाकून हळूच विचारलं, "आबा, मी सांगलंय. माका उतरवतलास?"

मी इंजिन बंद केलं आणि मागे वळलो. म्हटलं, "नाय गो बाय. तुका कधीच उतरवचंय नाय. उतरवचो होतो तो उतारलो. तू सांगलंस तां बरां केलंस. माझाच चुकला, मी ऐकूक नाय."

तिने हे ऐकून घेतलं. मग स्वतःची स्वतः उतरली, दांड्याला धरून, उलटी. अक्षया बाई फाटकात उभ्या होत्या. तन्वी चार पावलं गेली आणि थांबली. मी विचारलं, "दुपारी न्हेवक येव मां?"

ती विचार करत उभी राहिली. घंटा झाली, बाईंनी पुढे बोलावलं नाही की हात धरला नाही, मीही काही बोललो नाही. पाच वर्षांचं पोर एवढा विचार करतं हे मला ठाऊकच नव्हतं.

"येवा," ती म्हणाली. "पण हात लावूचो नाय."

"नाय लावूचंय," मी म्हटलं.